गटारवाल्याच्या आधी

गवंडीकाका रोज पहाटे प्रार्थना करायचे, "प्रभू, मला तुझ्याशी एक कर." पण ख्रिस्ती देवळात प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचा एकच प्याला सगळ्यांच्या ओठांना लागायचा, म्हणून ते गटार साफ करणाऱ्याच्या आधी रांगेत घुसायचे.

काकू टोमणा मारायच्या, "अहो, प्रभूशी एक व्हायचंय, आणि त्याच्याच लेकराचं उष्टं चालत नाही होय?"

म्हातारपणी हे बोलणं काळजाला लागलं. एका रविवारी काका मुद्दाम गटारवाल्याच्या मागं उभे राहिले. तो लगेच बाजूला सरकला. "पुढं व्हा दादा. मी मागूनच घेतो, तुम्हाला अडचण नको."

म्हणजे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. काकांनी हाताला धरून त्याला पुढं केलं, त्याच्या मागून प्याला ओठाला लावला; पण त्याच्याकडं बघायचा धीर काही झाला नाही.