मोबाइलवरची भवानी

माझी आई माणगावच्या बाजारात सुकी मासळी विकायची. पुढ्यात बोंबलांचा ढीग, शेजारी जवळ्याची पाटी आणि तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. गुडघे गेले तेव्हा डॉक्टरांनी एसटीची पायरी आणि जमिनीवरची बैठक दोन्ही बंद केली. तिनं ऐकलं, आणि मग बोलणंच सोडलं. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घालायची आणि ओटीवर बसून राहायची. भांडणारी आई परवडते, गप्प बसलेली नाही. मला तिची भीती वाटायला लागली होती.

म्हणून मी मोबाइलवर दुकान उघडलं. विक्रीच्या एका ॲपवर आमचे बोंबील चढवले. फोटो झकास आले होते. आईनं चष्मा लावून ते पाहिले आणि एवढंच विचारलं, "गिऱ्हाईक मोडून कसा बघनार?"

प्रश्न बिनतोड होता. बाजारात बोंबील मोडून बघितल्याशिवाय कोणी घेत नाही. नीट सुकलेला कट्‌कन तुटतो, ओल राहिलेला नुसता वाकतो. बाई मोडते, नाकाशी नेते, नाक मुरडते, भाव पाडते आणि मग घेते. विश्वास वगैरे शब्द तिथं कोणी काढत नाही. पण फोटोतला बोंबील कोण मोडणार? दुकान उघडून बसले खरी, काळं कुत्रंही फिरकलं नाही.

अखेर नागपूरच्या एका बाईंची ऑर्डर आली. आईनं स्वतः बोंबील निवडले, चेपलेला एकही घेतला नाही. मी खोक्यावर पत्ता घातला, चिकटपट्टी मारली आणि तेवढ्यात मोबाइल वाजला. ऑर्डर रद्द. खाली कारण होतं, 'या दुकानाला एकही रिव्ह्यू नाही. पूर्वी एकदा फसले आहे.'

माझं डोकं सणकलं. रिव्ह्यू नाही म्हणून घेणार नाही, आणि कोणी घेतल्याशिवाय रिव्ह्यू येणार कुठून, आभाळातून? मी खोकं फोडायला घेतलं. आईनं माझा हात धरला.

"पाठव."

"अगं, तिनं रद्द केलंय. पैसे नाही मिळायचे."

"भवानी हाय ती. भवानीला रिकामी न्हाय धाडायची."

दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. पहिलं गिऱ्हाईक घासाघीस करून उठून चाललं, तर आई त्याच्या पिशवीत चार बोंबील फुकट घालायचीच. "खाऊन बघ, मंग ये," म्हणायची. बाजारात त्यात कोणाला वावगं वाटत नसे. पण मोबाइलवर असं कोण करतं? आमच्या आईनं केलं. वर मूठभर जवळाही घातला. मी चरफडत पोस्टात गेले.

खोकं पोचलं आणि बाईंचा फोन आला. खोक्यावर माझा नंबर होताच.

"मी ऑर्डर रद्द केली होती," आवाजाला चांगलीच धार होती. "आता पैसे मागाल, नाहीतर ओटीपी. मला हे प्रकार माहीत आहेत."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते फार गोड उत्तर नव्हतं. तेवढ्यात आईनं मोबाइल हिसकावला.

"बाय, पैसं नको, काय बी नको. त्यातला एक बोंबील घे नि मोड."

पलीकडे कागद फाटल्याचा आवाज, आणि मग स्पीकरवर आम्हा दोघींना स्पष्ट ऐकू आलं, कट्ट.

"आता भाज नि खा," आई म्हणाली. फोन बंद करता येत नव्हता म्हणून तिनं तो सरळ पालथा घातला.

त्यानंतर बरेच दिवस काहीच नाही. आई पुन्हा गप्प, आणि मी मनातल्या मनात नागपूरच्या बाईंचा उद्धार करत होते. मग एका सकाळी त्यांचीच ऑर्डर आली, आधीपेक्षा मोठी. सोबत निरोप होता, 'रद्द केलेल्या ऑर्डरवर रिव्ह्यू लिहू देत नाहीत. मला लिहायचा आहे, म्हणून पुन्हा मागवते आहे.'

त्यांनी लिहिलं, 'मी यांच्यावर विश्वास ठेवला नाही, तरी यांनी माल पाठवला. मावशींनी फोनवर बोंबील मोडायला लावला. तुम्हीही मोडून बघा.'

मी ते आईला मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा. आई म्हणाली, "बघितलंस?" आणि पदर खोचून बोंबील उलटायला गेली.

मग लोक यायला लागले. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, मावशींना मोडून दाखवायला सांगा. मी व्हिडिओ कॉल लावून द्यायला लागले. आता पुण्याच्या, नाशकाच्या बायका ओटीवर आईशी भाव करतात आणि आई त्यांच्याशी कडाकडा भांडते. "वाकला तर माज्या तोंडावर फेक," म्हणते. आजवर एकही फेकला गेलेला नाही. शेजारपाजारच्या घरांना तिच्या आवाजाचा त्रास होतो आणि मला त्याचा फार आनंद होतो.

रोजची पहिली ऑर्डर आली की मी मोबाइल तिच्या हातात देते. बाजारात भवानीची नोट कपाळाला लावायची, तसा ती तो कपाळाला लावते. परवा असाच कॉल सुरू होता आणि मी मधे काहीतरी विचारायला गेले. तिनं मला हातानंच बाजूला केलं.

"सर मागं," म्हणाली. "गिऱ्हाईक उभं हाय."