अक्कानं न सांगितलेला ओटीपी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, माझ्या सगळ्या फजित्या तोंडपाठ असलेल्या मित्रांनाही नाही. आणि मी काही गप्प बसणारा माणूस नव्हे. बोरीच्या स्टँडवर चहाला थांबलो की चार माणसं जमतात, मी हातवारे करतो, लोक पोट धरून हसतात. ही गोष्टही मी तिथं सांगतो — पण अर्धीच.

आधी ती अर्धी ऐका. लॉकडाऊननंतर सरकारनं हमी घेतली म्हणून बँका छोट्या कंपन्यांना तारण न मागता कर्ज देत होत्या. माझी हळदीची कंपनी. संचालक दोघं — मी आणि माझी थोरली बहीण, सुमनअक्का. दुसरं नाव नियमाला लागतं म्हणून तिचं. कर्ज मिळालं हळद पॉलिशच्या मशीनसाठी. मशीन मी घेतलंच नाही. पैसे एका ओळखीच्या दुकानदाराच्या खात्यातून फिरून आले आणि परभणीत माझा प्लॉट झाला.

मग बँकेचे साहेब मशीन बघायला येणार असं कळलं. मी चारठाण्याहून एकाचं मशीन ट्रॅक्टरवर घालून आणलं. त्याच्या नंबरच्या पट्टीवर हळदीकुंकवाचं जाड स्वस्तिक काढलं, हार घातला, पुढं नारळ ठेवला. साहेबांनी नंबर बिलाशी ताडून बघायला रुमाल काढला. मी हात जोडून म्हणालो, "पुसा साहेब, पुसा. आत्ताच पूजा झाली, एवढंच." साहेबांनी रुमाल खिशात घातला, चपला काढल्या, नमस्कार केला आणि प्रसाद घेतला.

इथं लोक हसतात. मलाही अजून हसू येतं — ते तरी कशाला लपवू?

पण पुढं? पुढं ऑडिटरनं मशीन दाखवा म्हटलं, आणि तो पूजेला बधणारा नव्हता. म्हणून मी हिशेब सरकारकडे पाठवलेच नाहीत. एक वर्ष, दुसरं, तिसरं. तीन वर्षं असं झालं की दोन्ही संचालक अपात्र ठरतात — त्या एकाच कंपनीत नाही, कुठल्याच कंपनीत पाच वर्षं बसता येत नाही. मला हे माहीत होतं का? होतं. ऑडिटरनं समोर बसवून सांगितलं होतं. बहिणीला कळवा, असंही म्हणाला होता.

अक्काची पालमला स्वतःची मसाल्याची कंपनी होती. दाजी गेल्यावर तिनं एकटीनं उभी केलेली. दारावर तिच्या नावाची पाटी.

एक दिवस तिचा फोन आला. "दिनू, माझ्या सीएनं सांगितलं, तुझ्या कंपनीपायी मला खुर्ची सोडावी लागतीय म्हणं. काय झालंय रे?"

मागं मिरची कांडपाचा आवाज येत होता. खरं सांगायला किती वेळ लागला असता? एक वाक्य. ते तोंडात आलंही होतं — आणि तेवढ्यात मला दुसरं सुचलं. मला सुचतंच.

संचालकांना दर वर्षी सरकारकडे आपला मोबाईल नंबर ओटीपी देऊन पक्का करावा लागतो. एका वर्षी मी तिला फोनवर ओटीपी मागितला, तर म्हणाली, "बँकवाले सांगायलेत, कुणालाच सांगू नगा. सख्ख्या भावालाबी न्हाई." आम्ही खूप हसलो होतो. दुसऱ्या दिवशी ती फोन घेऊन एसटीनं स्वतः बोरीला आली आणि ते काम झालं. तिथंच मिटलेलं.

मी म्हणालो, "अक्का, त्या वर्षी तू ओटीपी येळंवर दिला न्हाईस ना. त्याच्यानं झालंय."

तिनं सीएला परत विचारलं असतं तर त्यानं खरं कारण सांगितलं असतं. तिनं विचारलंच नाही — भाऊ सांगतोय ना. म्हणाली, "म्हंजे तुझंबी गेलं का? माझ्यापायी?"

मी हो म्हणालो नाही. मोठा उसासा टाकला. उसासा मला छान जमतो.

पाटी उतरली. आता तिच्या कंपनीत सून सह्या करते, आणि अक्का सुनेला विचारून मिरची घेते. माझा प्लॉट जागेवर आहे.

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नात, जेवणं झाल्यावर, तिनं सगळ्यांदेखत विषय काढला. "माज्या येडेपणापायी भावाची कंपनी बुडली, पर एका शब्दानं बोलला न्हाई." बायका माझ्याकडे कौतुकानं बघायला लागल्या. मी अक्काच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "जाऊ दे अक्का, मी कवाच माफ केलंय." ती माझ्या पाया पडायला वाकली. माझ्याहून मोठी बहीण.

मी पाय मागं घेतले — पण लगेच नाही.