भिंतीवरून येणारी वाटी

नेवाशात आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण मोबाईलवर बघून रोज काहीतरी नवं रांधते. मश्रूमला काळा मसाला लावते, ब्रोकोलीचा झुणका करते. पहिला घास दारातल्या गायीला. गायीनं तोंड फिरवलं तरी घरच्यांची सुटका नाही. मग भिंतीवरून माझ्याकडे वाटी येते आणि मी गिळेपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत राहते. "खरं सांगा ताई, लई बिघडलं का?" खरं सांगायचा धीर मला कधी झाला नाही.

परवा तिनं जेवायलाच बोलावलं. शेंगदाण्याच्या कुटातला पास्ता होता. तिच्या पोरांनी ताटं पुसून खाल्ली, सासऱ्यांनीसुद्धा पुन्हा मागितला. मी पाणी घ्यायला आत गेले, तर ही पाटावर बसून भाकरी आणि ठेचा खात होती.

"अगं, पास्ता?"

"मला न्हाई जात असलं," ती हसली. "आई-बाप ऊस तोडायला जायचे. तिथं फडावर पाचटाच्या कोपीत सहा-सहा महिने रोज हेच. तवाच ठरवलं, आपल्या लेकरांच्या ताटात रोज तेच ते वाढायचं न्हाई."

मी तिच्याजवळ बसले. तिनं अर्धी भाकरी मोडून ठेच्यासकट माझ्या हातावर ठेवली. या वेळी मात्र तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं नाही.