बिजलीसाठी जमीन मऊ केली तेव्हा

कोनाले सांगू नका बरं, नाहीतर अकोल्यात तोंड दाखवाची सोय राहनार नाही! माही मिशी कुठं गेली म्हनून सारे विचारतेत. मी सांगतो, उन्हाळ्यात गरम होते, काढली. साफ खोटं!

आमची सासुरवाडी अचलपूरजवळ. सासऱ्याजवळ, म्हंजे मामाजीजवळ, बिजली नावाची घोडी आहे. यंदा जत्रेत बिजली आन् शेजारच्या गावच्या पाटलाची घोडी, अशी शर्यत ठरली. मामाजी भर पारावर मिशीले पीळ देऊन बोलून बसले, "जो हारन, त्याच्या घरची मिशी उतरन!"

सासूबाईनं जेवनच सोडलं. "ती मिशी गेली तं ह्या मानसाले मी वळखू कशी?"

मी जमीन पाहाले गेलो. काळ्या मातीच्या वावरात दोन घोड्यायसाठी दोन पट्टे आखले होते. उन्हानं जमीन अशी कडक, का टाच ठन् वाजे! आता मी मोबाइलवर शर्यतीचे व्हिडिओ पाहतो ना! मोठ्या शहरात शर्यतीआधी जमिनीवर पानी मारतेत. झालं, मी पोचलो मामाजीजवळ.

"मामाजी, बिजलीच्या पट्ट्यावर पानी मारू."

"काहून?"

"जमीन मऊ होते, पायाले मार लागत नाही. घोडी हवेत जाते!"

"जवाईबापू, काळं वावर आहे ते..."

"मामाजी, सायन्स आहे हे!"

आमच्याकडं जवायाले तोंडावर नाही म्हनत नाहीत, तिथंच घात झाला. पाटलाले विचारलं तं तो हसून म्हने, "मारा ना बापा! माह्या पट्ट्यावर नोका मारू म्हंजे झालं."

टँकर आनला. शिंपडाचं होतं थोडंसं, पन मले वाटलं, अजून मऊ झाली तं घोडी अजून पळन! पुरा टँकर रिकामा केला. अहो, मी याच मातीत वाढलो. पावसाळ्यात चपला हातात घेऊन शाळेत गेलो. तवा अक्कल कुठं गेली होती, देव जाने!

झेंडी पडली. पाटलाची घोडी धुराळा उडवत गेली. आमची बिजली दोन-चार उड्या पळाली, आन् एकेका खुराले घमेलंभर चिखल! थांबली, मान वळवून माह्याकडं पाह्यलं. बायकोबी कधी तशी पाहत नाही!

बिजलीवर बसलेला साळा, म्हंजे बायकोचा भाऊ, बोंबलला, "भाऊजी, वढा!"

घेतली उडी. बूट चिखलातच राह्यले. लगाम धरून वढतो, घोडी हालत नाही, लोक हसून हसून लोळून राहिले. कसंबसं रेषेजवळ आनलं, तं लगाम सुटला आन् मी तोंडघशी रेषेच्या पल्याड!

माइकवाला वरडला, "पहिला नंबर, पाटलाची घोडी! दुसरा नंबर, जवाईबापू! बिजली तिसरी!"

लय लाज वाटली हो. मामाजीची मिशी माह्यापायी जानार! सासूबाई डोळे पुसून राहिल्या. न्हावी वस्तरा घेऊन आला.

मामाजी शांतपने म्हने, "रडतं काहून? मी 'घरची मिशी' म्हटलं होतं, माही नाही. जवाई का परका आहे का?"

मंग काय! रांगोळी काढून पाटावर बसवलं मले, जवायाले बसवतेत तसं. मी कोनत्या तोंडानं नाही म्हनू? न्हाव्यानं वाटीत हात बुडवला आन् माह्या मिशीवर पानी मारलं.

मामाजी वरडले, "अबे, बेतानं मार! चिखल झाला तं वस्तरा फसन. विचार जवाईबापूले, सायन्स आहे ते!"