इखाची बाई

कुणाच्या दारात गेलं की माणसं आधी विचारतात, कसं काय, बरं आहे ना? आमची इखाची बाई विचारायची, "काय खाल्लं?" समोर माणूस असो, शेळी असो नाहीतर लग्नातला व्याही. एकदा आटपाडीच्या बाजारात एका म्हशीला तिनं हे इतक्या आपुलकीनं विचारलं की म्हशीचा मालकच लाजून म्हणाला, "भाकरी खाल्ली, बाई."

बाई मिरजेच्या कॉलेजात झाडाझुडपांचा विषय शिकवायच्या. पण त्यांचा सगळा जीव विषारी झाडांत. कुठलं पान खाऊन जनावर पडतं, कुठली बी खाऊन पोर ओकतं, किती खाल्लं तर काय होतं, हे त्या वस्त्या-वस्त्यांवर फिरून लिहून घ्यायच्या. आम्ही मेंढरांमागे फिरणारी माणसं. आम्ही विषाला इख म्हणतो, म्हणून त्या झाल्या इखाची बाई. हे नाव कानावर पडलं तेव्हा त्यांना कोण आनंद झाला! वहीच्या पहिल्या पानावर लिहूनच ठेवलं.

त्यांच्या पिशवीत चहाची एक गाळणी असायची. मेलेल्या जनावराच्या पोटातला चारा त्या गाळणीत धुवायचा आणि पानाचे तुकडे निवडायचे, हे त्यांचं काम. आमच्या जाऊबाईंना काय माहीत! घरात गाळणी सापडेना, म्हणून त्यांनी बाईंच्याच पिशवीतली काढून सगळ्यांना चहा गाळला. कपबशा रिकाम्या झाल्यावर बाईंनी गाळणी पाहिली. जराही न हलता म्हणाल्या, "आता काय प्यायलं तेही लिहून ठेवायला हवं." जाऊबाईंनी त्यानंतर चार दिवस चहाला तोंड लावलं नाही.

आमची पहिली भेट मात्र अशी हसण्यासारखी नव्हती. मिरजेच्या अलीकडे, हायवेलगत अण्णा म्हणून एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी आमची मेंढरं बसवली होती. सकाळी कळप चरायला गेला की कोकरं माझ्यापाशी जाळीच्या वाडग्यात कोंडलेली असायची. एके दिवशी दुपारपर्यंत सात कोकरं तडफडून गेली. अण्णांशी आदल्याच दिवशी पाण्यावरून बोलाचाली झालेली. आमचे धनी कळप सोडून धावत आले, कोकरं बघितली आणि म्हणाले, "अण्णानं इख घातलंया. आता काठीच बोलंल." दोन भावकीतले गडी घेऊन निघालेच. मलाही तेच खरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

जनावरांच्या डॉक्टरांबरोबर बाई आल्या त्या अशा वेळी. कुणाशी ओळख नाही, पाळख नाही. पदर खोचला, डॉक्टरांनी कोकराचं पोट फाडलं आणि बाई गाळणी घेऊन बसल्या. धुता धुता एकदम उठल्या. चिमट्यात नखाएवढा पानाचा तुकडा. तो उन्हात धरून मला म्हणाल्या, "बघा, बघा ना. मधे जाड शीर आणि दोन्ही बाजूंनी फणीच्या दातांसारख्या बारीक शिरा. किती सुंदर!"

मी बघितलं, आणि माझी नजर वाडग्याला टेकवलेल्या भाऱ्याकडे गेली.

हायवेच्या मधोमध कण्हेर लावलेली असते ना, तिची छाटणी झाली होती. वाळलेल्या फांद्या कडेला पडलेल्या. चुलीला होतील म्हणून दोन दिवसांपूर्वी मीच भारा आणून वाडग्याला टेकवून ठेवला होता. सकाळी कोकरं पानं ओढताना दिसली. हाकलली नाहीत. आमच्यात सगळ्यांना ठाऊक, मेंढरू कण्हेर हुंगतं आणि सोडून देतं. खातंय म्हणजे इख नसणार, जनावराला आपल्यापेक्षा जास्त कळतं, असं म्हणून मी भाकऱ्या थापत बसले.

बाईंनी माझं तोंड बघितलं असणार. हळूच म्हणाल्या, "कुणी दिलं ते मला नको. काय खाल्लं तेवढं सांगा."

तिकडे अण्णांना रानभर शोधून धनी आता त्यांच्या दाराजवळ पोचले होते. मी धावत सुटले. सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं, "आवं, थांबा. कण्हेर हाय. वाळल्याली. म्याच आणली."

धन्यांनी उगारलेली काठी खाली घेतली. अण्णांना म्हणाले, "बारा वर्सं झाली लग्नाला. येवढ्या मोठ्यानं खरं बोलताना आजच बघितली." अण्णांनी जाऊन आमच्यासाठी पाण्याची मोटार सुरू केली.

मला वाटलं, आता बाई झाडणार. बाईंना कुठली सवड! भारा कुठाय, किती दिवस वाळलाय, कोकरं आधी पान खात होती की काडी, विचारून विचारून त्यांनी मला भंडावून सोडलं. पान वाळलं की कडूपणा जातो, विष तसंच राहतं, हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकत होते की मी रडायचं विसरले. उरलेली कोकरं वाडग्यातून हलवली, भारा लांब नेला आणि त्यातलीच एक डहाळी बाईंनी कागदात गुंडाळून नेली.

मग आमचं जमलंच. बाई आल्या की मी त्यांच्याबरोबर रानोमाळ. पान चिकटवलेल्या जाड कागदाखाली त्या चिठ्ठी लावायच्या, त्या चिठ्ठ्यांवरच मी अक्षरं शिकले. शाळेतली पोरं क कमळाचा गिरवतात, मी क कण्हेरीचा गिरवला. ध धोतऱ्याचा, र रुईचा. मी कधी एखाद्या झाडाला शिवी दिली तर बाई म्हणायच्या, "हिराबाई, त्याला पाय नाहीत पळायला. विष हे त्याचं कुंपण आहे."

बाई निवृत्त झाल्या आणि लेकीकडे बंगळुरूला निघाल्या. कागदांचे गठ्ठे बांधायला मी मिरजेला गेले होते. एक कागद मी इतकी वर्षं मुद्दाम बघितला नव्हता. त्या दिवशी तोच हातात आला. वाळकी डहाळी, खाली चिठ्ठी. माझं पाप लिहिलेलं असणार, या धास्तीनं एकेक अक्षर लावत वाचलं. कण्हेर, वाळलेली. खाल्ली: कोकरांनी. आणि त्याखाली, गोळा केली: हिराबाई, मेंढपाळ, आटपाडी.

"बाई, हे काय लिहिलंत?"

"जे घडलं ते. तू बोलली नसतीस तर हा कागद कोराच राहिला असता." एवढं म्हणून त्यांनी गाळणी माझ्या पिशवीत टाकली.

आता आजूबाजूच्या वस्त्यांवरून मला फोन येतात. गेल्या आठवड्यात म्हसवडकडच्या एका सुनेचा आला. लेक सारखी ओकतेय, एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. मागे सासूचा आवाज. मी म्हटलं, "पोरी, कुणी दिलं ते मला नको. काय खाल्लं तेवढं सांग." मग तिनं तोंड उघडलं. कुंपणाला लावायला तिनंच मोगली एरंडाच्या बिया आणल्या होत्या, लेकीनं शेंगदाणे समजून खाल्ल्या. म्हटलं, उरलेल्या बिया मुठीत घे आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात पळ. पळाली. डॉक्टरांना बी दाखवली. पोर आता बरी आहे.

परवा तिनं त्यातली एक बी मला आणून दिली. मी जाड कागदावर चिकटवली, खाली चिठ्ठी लावली आणि "गोळा केली" याच्यापुढे त्या सुनेचं नाव लिहिलं.