सिनेमात प्रीतम नव्हता

कोलशेतची निकोल पोटासाठी ओरडायची. नौपाड्यातल्या एका डबिंग स्टुडिओत ती परक्या सिनेमांतल्या बायकांना मराठी आवाज द्यायची आणि या बायका बहुतेक मार खाणाऱ्या. कुणाचा गळा आवळला, कुणाला जिन्यावरून ढकललं, की बोलवा निकोलला. तिची आई गर्ट्रूड म्हणायची, "माझे बाय, एखादा हसायचा काम माग की त्यांच्याकडे."

हसायचं काम काही आलं नाही. आला तो फक्त प्रौढांसाठीचा एक जुना फ्रेंच सिनेमा. मार्सेल नावाचा श्रीमंत माणूस घरात ठेवलेल्या तरुण बाईला हवं तसं वापरतो, मुस्काटात मारतो, केसांनी ओढतो, आणि सिनेमा या सगळ्याला खुशाल प्रेम म्हणतो. असल्या प्रेमाला आग लागो.

निकोल कॉलेजात फ्रेंच शिकलेली. हेडफोनमधून मूळ आवाज ऐकत त्यावर आपला बसवायचा, ही कामाची रीत. मारहाणीच्या प्रसंगात समोरच्या कागदावर नुसतं 'आह' लिहिलेलं होतं. कानात मात्र ती बाई ओरडत होती, "नको, ज्याँ! असं ठरलं नव्हतं!"

निकोलने हेडफोन काढला. ज्याँ हे दिग्दर्शकाचं नाव. सुरुवातीच्या पाट्यांत तिने ते वाचलं होतं.

"प्रीतम, ही ॲक्टिंग करत नाहीये रे. मार्सेलशी बोलतच नाहीये ती. कॅमेऱ्यामागच्या माणसाला थांब म्हणतेय."

प्रीतम डबिंगचा दिग्दर्शक, स्टुडिओही त्याचाच. तो काचेपलीकडून माइकवर म्हणाला, "अगं, केव्हाचा पिक्चर आहे तो. लोकांनी टाळ्या वाजवल्यात त्या सीनला. तू ओरड ना."

ती ओरडली. त्याला ते खोटं वाटलं. पुन्हा ओरडली, तेही खोटं. खोटंच होतं ते. त्या बाईचा खरा आवाज कानात असताना निकोलला ओरडण्याचं सोंग जमेना.

मग प्रीतम उठून आत आला. माइक चालूच होता. त्याने मागून तिचे केस मुठीत गुंडाळले.

"प्रीतम, हात काढ."

त्याने हिसडा दिला. तिचं कपाळ लोखंडी स्टँडवर आपटलं, भुवई फुटली आणि तिच्या तोंडून जी किंकाळी निघाली तशी आजवर एकाही सिनेमात निघाली नव्हती. रक्त कागदावर ठिबकलं.

"हां, हेच पाहिजे होतं मला," प्रीतम म्हणाला. खूश होता मेला.

निकोलने तोच स्टँड उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. पुढचे दात हलले, ओठ फाटला, प्रीतम भिंतीला घासत खाली बसला. मला त्याची कणभरही कीव येत नाही. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणाऱ्या योगिनीने तो तुकडा पेन ड्राइव्हवर उतरवला आणि निकोलच्या हातात दिला. "तुझा आहे. तू ठेव."

निकोल भुवईवर ओढणी दाबून पोलीस चौकीत पोचली, तर प्रीतम तोंडाला रुमाल लावून आधीच हजर. आपल्यावर हल्ला झाला, म्हणे. हवालदाराने पेन ड्राइव्ह लावला, किंकाळी ऐकली आणि मान हलवली.

"मॅडम, ओरडणं हे तर तुमचं कामच ना? ही पण ॲक्टिंगच वाटते."

"सीनच चालू होता साहेब," रुमालातून प्रीतम बोलला. "असं करावं लागतं. सगळे करतात."

निकोलला त्या फ्रेंच बाईची आठवण झाली. तीही कुठल्यातरी चौकीत अशी उभी राहिली असेल का? की कुणी तिला तिथवर जाऊच दिलं नसेल?

"परत लावा," ती म्हणाली. "किंकाळी सोडा. तिच्या आधीचं ऐका."

हवालदाराने परत लावलं. खोलीत तिचाच आवाज आला, शांत, स्पष्ट. प्रीतम, हात काढ.

"साहेब," निकोल म्हणाली, "त्या सिनेमात प्रीतम नावाचा कुणी माणूस नाही."

हवालदाराने पुन्हा एकदा लावलं, आणि या खेपेला प्रीतमकडे बघत ऐकलं.