चुलीपुढचा पाट

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. यांच्यापाशी नाही, मुलांपाशी नाही, देवापुढे हात जोडूनही नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे मांडायचं कसं ते मला येत नाही. पण राग येतो — इतकी वर्षं झाली तरी येतो — आणि रागात लिहायला हात चालतो.

राग कुणाचा? आधी अंबूचं सांगते.

अंबू माझी धाकटी जाऊ. धारवाडकडची. माहेरी तिला अंबक्का म्हणत. आमच्या घरानं ते नाव कापून आखूड केलं. नवं राज्य झालं तशी यांची कचेरी भोपाळला गेली, हे महिन्यातून एकदा यायचे. भाऊजी, अंबूचे यजमान, इथेच गावात पोलोग्राउंडला कारखान्यात. घरात सासूबाई, आम्ही दोघी आणि माझी तीन मुलं. मी सासूबाईंच्या हाताखाली शिकलेली आमटी करायचे, गूळ घालून, गोडा मसाला घालून. आणि अंबू करायची तिकडचं सारू. डाळीचं वरचं पाणी, चिंच, कुटलेले मिरे, वर कढीपत्त्याची फोडणी. मऊ भातावर ते ओतलं की पोरं दप्तर टाकून तिच्यापुढे जाऊन बसत.

"काकी, और दो ना."

भाऊजी हसायचे. "वहिनी, आता तुमच्या आमटीची तर छुट्टी."

मीही हसायचे. आमटी रात्रीपर्यंत पातेल्यात तशीच. एवढ्याशा गोष्टीनं माणसाचं मन नासतं का? माझं नासलं. ती मला अक्का म्हणायची. माझ्या धाकट्याला ताप आला तेव्हा तिच्याच हातचा दहीभात त्याच्या पोटात टिकला. तरी नासलं.

त्या वर्षी नवरात्रात अष्टमीला सासूबाई आपणहून म्हणाल्या, "धाकटीचं चित्रान्न पण देवीच्या ताटात राहू दे." पिवळा, लिंबू पिळलेला भात, शेंगदाणे, वर ओलं खोबरं. घरात येऊन तिला चार वर्षं होत आली होती आणि तिचा पदार्थ देवीपुढे पहिल्यांदाच जाणार होता. तोपर्यंत देवाचं सगळं मी करत होते. अंबू पहाटे न्हाली. तिचा चेहरा मला बघवेना — खरंच बघवेना.

आम्ही दोघी सोवळ्यात होतो. अंगावर तपकिरी धाबळ्या. चुलीपुढे पाट एकच. मी पुरण आटवायला बसले, मग ती फोडणी करायला बसली. मी बसले होते तेव्हाच मला कळलं होतं. चार दिवस आधीच आलं. म्हणजे मी उठायला हवं होतं, बाजूला बसायला हवं होतं, माझा हात लागलेलं सगळं टाकायला हवं होतं. मनात म्हटलं — नैवेद्य होऊ दे, मग सांगेन. हे एवढं तरी कुणीही केलं असतं, नाही? पण पुढचं?

अंबू उठली आणि सासूबाईंना पाटावर डाग दिसला.

"कोण?" त्यांनी विचारलं.

मी पुरणाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. त्यांनी अंबूकडे पाहिलं. "तुमच्याकडे चालत असेल असलं."

"मी नाही, आत्याबाई," अंबू म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"मग ही का?"

अंबूनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही म्हणून.

झालं. पुरण, वरण, खीर, सगळं गायीपुढे. चित्रान्न सासूबाईंनी काठीनं परात ढकलत अंगणात नेलं. पोरं सकाळपासून उपाशी, ती बघत उभी. अंबूला मागच्या खोलीत बसवलं. आणि दुसरा स्वयंपाक कुणी केला? मी. पुन्हा न्हाऊन, पुन्हा धाबळी नेसून, त्या तसल्या अंगानं. देवीनं तो नैवेद्य मुकाट घेतला. कोप नाही, काही नाही. सासूबाई चाटूनपुसून जेवल्या आणि म्हणाल्या, "थोरलीच्या हाताला चव आहे."

मग तो विटाळ होता कशात? चार दिवस मी घरादाराला रांधून वाढत होते आणि जी स्वच्छ होती ती मागच्या खोलीत पत्रावळीवर जेवत होती. कुणाचं काय बिघडलं? पुरुषांना तर कुणी विचारलंही नाही. त्यांच्या पानात गरम पडलं की झालं. या सगळ्याचा मला संताप येतो. पण तो नियम कुणाही बाईला उठवून बसवतो. अंबूवर तो मी सोडला. मला तो खोटा आहे हे त्याच दिवशी दिसलं होतं, आणि तरी मी तो माझ्या कामाला लावला.

त्यानंतर अंबूला देवाच्या स्वयंपाकाला हात लावू दिला नाही. मग रोजच्याही नाही. ती भाजी चिरायची, भांडी घासायची. वर्षभरात भाऊजींनी पोलोग्राउंडजवळ खोली घेतली. मोहल्ल्यात सासूबाई सांगत, धाकटी सोवळ्यात खोटं बोलली. मी शेजारी वाती वळत बसलेली असायचे.

पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या. अन्न जाईना. अंबूला कळलं तशी ती उन्हातून चालत आली, डब्यात सारू घेऊन. पातळ, मिरी कमी घातलेलं, म्हाताऱ्या घशाला चालेल असं. मला म्हणाली, "तुम्ही पाजा. मी बाहेर थांबते." सासूबाईंना वास आला. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "तिच्या हातचं नको."

खोलीत आम्ही दोघीच होतो. अंबू ओसरीवर. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. वाटी माझ्या हातात होती.

मी ती डब्यात परत ओतली. डबा अंबूकडे नेऊन दिला आणि म्हटलं, त्यांना झोप लागली आहे. अंबूनं सगळं ऐकलं होतं. तिनं झाकण घट्ट लावलं, चपला घातल्या आणि गेली.

सासूबाई तिसऱ्या दिवशी गेल्या, पोटात काही नसताना.